शेगडीमागची ऊब

१

डोंगरावरचं नेचं तांबूस पडलं की उंदीर घरात येतात. आमच्याकडे हे दरवर्षीचंच आहे. मेंढ्या खाली उतरतात, दगडी कुंपणांवरचं शेवाळ फुगतं, आणि एका सकाळी ओट्यावरच्या पावाच्या पिशवीला कोपऱ्यात भोक दिसतं. मग माळ्यावरून सापळे काढायचे. सापळ्याला चीज लावून उपयोग नसतो, शेंगदाण्याचं लोणी लावावं लागतं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

घर जुनं. उत्तर वेल्समध्ये, पाटीच्या दगडाच्या बंद पडलेल्या खाणीखाली, डोंगराला पाठ लावून उभं आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात खाणीच्या कुणा मुकादमानं बांधलेलं. प्रत्येक खोलीत भिंतीत बसवलेली शेगडी. वरच्या खोल्यांमधल्या लहान, ओतीव लोखंडाच्या, दोन्ही बाजूंना फुलाफुलांच्या फरश्या लावलेल्या. खाली बैठकीत आणि मागच्या खोलीत मोठ्या, काळ्या पाटीच्या चौकटीच्या. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांचं कौतुक करतो. त्याला उंदरांशी काही देणंघेणं नसतं. शेगडीचं लोखंड आणि मागची वीट यांच्यात पोकळी असते. ती वर धुराड्याला मिळते आणि खाली जमिनीला. पेन्सिल जाईल एवढी फट उंदराला पुरते. आपण दार लावून समजतो की घर बंद झालं, आणि ते सगळीकडून उघडंच असतं.

त्या वर्षी मात्र हा नेहमीचा उपद्व्याप राहिला नव्हता. माझे सासरे इद्वल वसंतात पक्षाघातानं पडले होते. घरात सगळे त्यांना ताइद म्हणतात, म्हणजे आजोबा. नातवंडं मोठी होऊन दूर गेली, नाव मागे राहिलं. ताइदांनी उभं आयुष्य खाणीत पाटीचे दगड चिरण्यात काढलेलं. आता उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. पण तोंडातून एकच शब्द यायचा, ‘बरं’. चहा हवा का, बरं. चहा नको का, बरं. उशी काढू, बरं. उशी राहू दे, बरं. पहिल्या महिन्यात आम्हाला त्याचं हसूही यायचं. त्यांनाही यायचं, अर्ध्या तोंडानं.

त्यांचा पलंग आम्ही मागच्या खोलीत, शेगडीसमोर लावला होता. एका दुपारी मी त्यांची गोधडी झटकली तर तिच्या घडीत उंदराच्या लेंड्या होत्या. हाताला उंदीर चावला तरी त्यांना ओरडता आलं नसतं. हे मनात आलं आणि मी तशीच पलंगाच्या कडेवर बसले.

घरी येणारी नर्स मेन्ना बाई भली, पण नियमांची पक्की. तिनं लेंड्या पाहिल्या आणि स्पष्टच सांगितलं की यांच्या छातीत पुन्हा कफ झाला तर निभावणार नाही, आणि उंदरांच्या घरात असा पेशंट ठेवता येणार नाही. खाली समुद्रकाठी वृद्धाश्रम आहे, तिथे जागा होती. माझा नवरा एम्रिस मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्यानं वडिलांना विचारलं, तिकडे जायचं का?

“बरं,” ताइद म्हणाले.

म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. ते डोळे काय म्हणत होते ते मला कळलं. पण डोळ्यांनी दिलेलं उत्तर कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही.

२

मेन्नानं थोडी मुदत दिली. घर उंदरांपासून बंद करून दाखवा, मग बघू, म्हणाली.

मी गावातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दुपारपर्यंत. एम्रिस बस चालवतो, दुपारपासून. म्हणजे सकाळी ताइदांजवळ तो, दुपारनंतर मी. दोघं एकत्र फक्त रविवारी. तेव्हा एका रविवारी आम्ही कामाला लागलो. भिंतीतल्या झरोक्यांना बारीक जाळी मारली. दारांखाली ब्रशाच्या पट्ट्या ठोकल्या. धुराड्यांच्या तोंडांना टोप्या होत्याच, तरी आतून मेंढीच्या लोकरीचे बोळे कोंबले. शेगड्यांच्या कडांनी जिथे जिथे फट दिसली तिथे भांडी घासायच्या घासणीसारखी बारीक तार ठासून भरली आणि वरून चुना लिंपला. तार उंदराला कुरतडता येत नाही, दातांत रुतते.

सगळ्यात शेवटी मागच्या खोलीतली शेगडी घेतली. तिच्या लोखंडाच्या एका अंगाला दंड जाईल एवढं भोक होतं. आत किती तार लागेल ते बघायला एम्रिसनं बाही वर केली आणि हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, शेवटी खांदा लोखंडाला टेकला. मागची वीट काही लागेना.

मी विचारलं, काय आहे?

“काही नाही,” तो म्हणाला. मग हात तसाच आत ठेवून, “ऊब आहे.”

ती शेगडी सासूबाई गेल्यापासून पेटलेली नव्हती. त्या भिंतीपलीकडे शेजारी नाहीत, पाण्याचा नळ नाही, तिकडे डोंगर आहे. मी म्हटलं, उन्हानं दगड तापला असेल. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता, पण एम्रिसनं तो विषय काढला नाही. दिवसभर वाकून वाकून आमच्या दोघांच्या पाठी धरल्या होत्या. त्यानं भोकात तारेचा भला मोठा गोळा ठासला, मी चुना लावला, आणि आम्ही लीकच्या जाड कांदापातीचं सूप प्यायला बसलो.

सूप पिताना मला आठवलं की हे सगळं होत असताना ताइद एकदाही झोपले नव्हते. ते भोकाकडे बघत होते, दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसे.

३

उंदीर गेले. स्वयंपाकघरातले सापळे रिकामे, पावाची पिशवी शाबूत. मेन्ना खूश झाली.

पुढच्या आठवड्यात मी दुकानातून आले, एम्रिसला डबा देऊन कामावर पाठवलं आणि मागच्या खोलीत गेले. शेगडीसमोरच्या दगडावर तार पडलेली होती. आम्ही ठासलेलीच. उंदरानं ओढून काढली असती तर लगदा झाला असता. ही विंचरलेली होती. एकेक धागा सुटा करून, सरळ करून, शेजारीशेजारी लावून ठेवला होता, एखाद्या बाईनं न्हाऊन केस वाळवायला पसरावे तसा. चुन्याचे तुकडे बाजूला, एका छोट्या ढिगात.

मी ताइदांकडे पाहिलं. पलंगाचा कठडा वर होता. उजवा हात पोटावर निर्जीव पडलेला. डाव्या हातानं त्यांना चमचा धड धरता येत नव्हता.

मी फोन करून एम्रिसला विचारलं, तू काढलीस का? बस सुरू करायची घाई होती त्याला. तो म्हणाला, मी कशाला काढू, सकाळी तर होती जागच्या जागी.

मी ती तार गोळा करून पुन्हा भोकात भरली. भरताना हातमोजे घातले होते. मोज्यातूनही ऊब लागली. ती शेगडीची ऊब नव्हती. शेगडी कोरडी तापते. ही दमट होती. आणि एकसारखी नव्हती, थोडी यायची, थोडी थांबायची.

धुराड्यात वारा असाच खेळतो, हे मी स्वतःला दोनदा समजावलं. वर लोकरीचा बोळा होता, वारा येणार कुठून, हे मात्र नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी तार पुन्हा बाहेर होती. तशीच, विंचरून.

४

हेलेद नावाची एक मुलगी ताइदांना बोलायला शिकवायला यायची. मुलगी म्हणजे तिशीतली असेल. ती मऊ आवाजात ‘म’चे शब्द म्हणायची, ताइद तिच्या ओठांकडे बघायचे आणि म्हणायचे, बरं. त्या दिवशी मात्र तिनं तपासणी केली आणि माझ्याकडे वळून हसली.

“तुम्ही यांच्याकडून चांगला सराव करून घेताय,” ती म्हणाली. “‘न’चा आवाज मी अजून सुरूसुद्धा केला नव्हता. जिभेचं टोक दातांमागे कसं लावायचं ते तुम्ही दाखवलंत ना?”

मी काहीच दाखवलं नव्हतं. मला येतही नव्हतं. मी म्हटलं, हो, थोडं थोडं. का म्हटलं ते अजून कळत नाही. कदाचित त्या पोरीचा आनंद मोडवला नसेल, कदाचित दुसरं उत्तर शोधायला नको होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. दुपारी जेवण झालं की ताइद डुलकी घेतात असा माझा समज होता. मी स्वयंपाकघरात इस्त्रीला उभी राहायचे, दार लोटून घ्यायचे. आता दार उघडं ठेवलं. बराच वेळ नुसतं घड्याळ टिकटिकत होतं. मग ताइदांचा आवाज आला, घोगरा, कष्टानं काढलेला. “न...” मग थांबले. मग पुन्हा, “न...” मधल्या वेळात काहीतरी होत होतं. आवाज म्हणावा असं नाही. पाटीचा दगड पाटीच्या दगडावर अगदी हलकेच सरकवावा, तसं. मी इस्त्री ठेवून गेले तर ताइद शेगडीकडे मान वळवून पडले होते, कपाळावर घाम होता, आणि चेहरा... पूर्वी संध्याकाळी खाणीतून थकून यायचे तेव्हा असायचा तसा. समाधानानं भरलेला.

मी फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. माझं काम मोजमापाचं आहे. पेशंट म्हणतो मला दिसतं, आम्ही म्हणतो अक्षरं वाचून दाखवा. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. ताइदांचा ‘न’, मग विराम, मग ‘न’. दगड सरकल्याचं कुठेच नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की त्या विरामांत घड्याळही नव्हतं. ताइद बोलताना मागे टिकटिक स्पष्ट होती. ते थांबले की टिकटिक थांबत होती, बाहेरचा पाऊस थांबत होता, सगळंच थांबत होतं, जणू कुणी खोलीतली सगळी हवा ऐकण्यासाठी आत ओढून घेतली असावी.

मी ते ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. फोनचा दोष असेल, असं ठरवलं.

५

उंदरांचंही सांगायला हवं. एका दुपारी मागच्या अंगणातून एक चुकार उंदीर उघड्या दारानं आत शिरला. मी केरसुणी घेऊन त्याच्या मागे. तो भिंतीच्या कडेनं पळत थेट मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मागे केरसुणी, पुढे मोकळी खोली. तरी तो आत जाईना. मागच्या पायांवर उभा राहिला, नाक थरथरत होतं. मग वळला आणि माझ्या दोन पायांच्या मधून, केरसुणीखालून, आल्या वाटेनं बाहेर पळाला.

हे मी एम्रिसला सांगितलं, आणि तारेचंही सांगितलं. त्या फोननंतर रोज मी ती गुपचूप परत भरत होते. त्यानं मला वेड्यात काढलं नाही. तो स्वतः सकाळी त्या खोलीत असायचा. त्यानं इतकंच सांगितलं की सकाळी दाढी करून देताना ताइद आरशात त्याच्याकडे न बघता मागे शेगडीकडे बघतात, आणि तो वळून बघायचं टाळतो.

“भोक कायमचं बुजवू आणि विषय संपवू,” तो म्हणाला.

रविवारी त्यानं छपराची उरलेली पाटी आणली, जाड, रुंद. ती भोकावर बसवली आणि कडांनी सिमेंट भरलं. ताइद पलंगावरून म्हणत होते, “बरं. बरं. बरं.” आवाज चढत गेला. गालांवरून पाणी वाहत होतं. एम्रिस पाठमोरा होता. तो म्हणाला, झालंच हं बाबा, आता गार वारा येणार नाही. मला ते ‘बरं’ कळत होतं. मी थांबवलं नाही. मलाही ते भोक बंद व्हायला हवं होतं.

६

ताइदांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. जेवण तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. हेलेद आली, तिनं ‘न’ म्हणून दाखवला, त्यांनी ‘बरं’ही म्हटलं नाही. कधीकधी असं मागे जातात पेशंट, ती म्हणाली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

त्याच आठवड्यात कडक दंव पडलं आणि उंदीर परत आले. स्वयंपाकघराच्या दाराखालचा ब्रश त्यांनी कुरतडून काढला होता. दंवामुळे आले असतील, येतातच. पण या वेळी ते ओट्याकडे फिरकले नाहीत. एका दुपारी मी सूप घेऊन मागच्या खोलीत गेले तर एक उंदीर ताइदांच्या छातीवर बसला होता, अगदी निवांत, मिशा साफ करत. ताइदांचे डोळे उघडे होते. ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

मेन्नाला मी लपवलं नाही. लपवता आलंही नसतं. गादीखाली लेंड्या मिळाल्याच तिला. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की आता तिचा नाइलाज आहे. शुक्रवारी दुपारी ती एम्रिसबरोबर येईल, ताइदांना एकदा रीतीनं विचारायचं, आणि सोमवारी गाडी येईल. विचारायचं काय, मी म्हटलं. ते बरंच म्हणणार.

“तेच तर,” मेन्ना म्हणाली, आणि तिलाही ते आवडलेलं नव्हतं.

७

शुक्रवारी मी दुकानात गेले नाही. एम्रिस सकाळीच बाहेर पडला होता. त्यानं त्या दिवसाची रजा घेतली होती आणि वृद्धाश्रमातली खोली आधी स्वतः बघून यायची होती त्याला. मी ताइदांना उठवून, पाठीला उशा लावून बसवलं. त्यांना उठवताना माझ्या तोंडी एक ठरलेला शब्द असतो. त्या दिवशीही तोच म्हटला आणि त्यांना शेगडीकडे वळवलं.

मग त्यांच्याच पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली.

मला भीती वाटत होती हे सांगायला हवं. मी छिन्नी पाटीवर दोनदा टेकवली आणि दोनदा उचलली. हे डोकं फिरल्यासारखं आहे, असं मी मनात म्हणत होते. एका आजारी माणसासाठी भिंतीतलं भोक फोडायचं, कशासाठी, तर त्यातून काय येतं हे मला माहीत नाही म्हणून. पण सोमवारी गाडी येणार होती आणि त्यांना एक शब्द हवा होता. तो ज्याच्याकडे होता त्याचं तोंड आम्ही बंद केलं होतं.

मी सिमेंटवर घाव घातला. मग जोरात दुसरा.

“हळू, ताइद, हळू.”

मी थांबले. तो आवाज माझा होता. मी त्यांना उठवताना म्हणते तसाच, त्याच चढउतारानं, त्याच थोड्या थकलेल्या मायेनं. पण मी बोलले नव्हते. मी ओठ आवळून धरले होते. आणि आवाज माझ्या पुढून आला होता, पाटीमागून.

मी पळाले नाही, यात शौर्य नव्हतं. पाय हललेच नाहीत. ताइदांकडे पाहिलं. ते घाबरलेले नव्हते. त्यांनी डावा हात उचलला आणि छिन्नी कशी तिरपी धरायची ते दाखवलं, जन्मभर केलेलं काम. मी तशी धरली आणि हळू मारलं. पाटी अखंड सुटून माझ्या मांडीवर आली. ऊब तोंडावर आली, तीच दमट, जाणारी-येणारी.

डोळ्यांचं मला कळतं. उजेडातून एकदम अंधारात बघितलं की डोळा थोडा वेळ खोटं सांगतो, आधीच्या उजेडाचे डाग काळोखावर चिकटवतो. म्हणून मी पहिल्या नजरेवर विश्वास ठेवला नाही. डोळे मिटले, तळव्यांनी झाकले, पेशंटना सांगते तशी स्वस्थ बसले. मग उघडले.

आत ओठ होते.

राखेच्या रंगाचे, कोरडे, पाटीला असतात तशा उभ्या बारीक चिरा पडलेले. ते हलत होते, आवाज न करता. आधी थोडे विलगायचे, मग पुढे येऊन गोल व्हायचे. पुन्हा विलगायचे, पुन्हा गोल. फार सावकाश, एखाद्या मंद मुलाला शिकवताना चिडायचं नाही असं ठरवलेल्या माणसासारखे. ते भोकात मावत नव्हते. एक कोपरा लोखंडामागे गेला होता, दुसरा मला दिसलाच नाही. मी जे बघत होते तो त्यांचा मधला थोडासा भाग होता.

मी मान वळवली. ताइदांचे ओठ तसेच हलत होते, किंचित मागून.

पुन्हा पाहिलं तेव्हा भोकात काळोख होता. मी खुर्ची ओढून भोकाला पाठ न करता बसले, आणि ते दोघं आपला पाठ घेत राहिले. माझ्यापुढे ताइदांचा घोगरा आवाज, मग सगळं जग थांबल्यासारखा विराम, मग पुन्हा त्यांचा आवाज.

८

मेन्ना आणि एम्रिस आले तेव्हा शेगडीसमोर सिमेंटचे तुकडे पडलेले होते. एम्रिसनं ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मेन्ना पलंगाजवळ वाकली. तिनं नीट, शांतपणे विचारलं की समुद्रकाठच्या त्या घरी सोमवारपासून राहायला जायचं, तुम्हाला चालेल ना?

ताइदांनी श्वास घेतला. ओठ विलगले. आम्ही तिघं एका शब्दाची वाट बघत होतो, आणि तो ‘बरं’ असणार हे त्या दोघांना ठाऊक होतं.

“न,” ते म्हणाले. थांबले. ओठ गोल झाले. “को.”

मेन्ना सरळ झाली.

“नको,” ताइद म्हणाले, या वेळी जोडून. मग एम्रिसकडे बघून पुन्हा, खाणीवरून हाक मारावी तसं, “नको.”

एम्रिस पलंगाच्या कडेवर बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय, आणि रडत होताच, पण हसतही होता.

“मी लहानपणी सायकल मागितली होती ना,” तो मेन्नाला म्हणाला, “तेव्हाही अगदी असंच म्हणाले होते.”

ताइद अर्ध्या तोंडानं हसले.

मेन्नानं कागद पिशवीत ठेवले. पेशंटनं नाही म्हटल्यावर माझ्याकडून पुढे काही होणार नाही, म्हणाली. उंदरांचं तेवढं बघा. त्या दिवसापासून आमच्या घरात उंदीर शिरलेला नाही. ब्रशाची पट्टी अजून कुरतडलेलीच आहे, शेजारच्या वाड्यांमधल्या बायका दर थंडीत सापळे मांडतात, आमचे माळ्यावर पडून आहेत. मी कारण शोधत नाही. भोक उघडं आहे, त्याच्या कडा एम्रिसनं घासून गुळगुळीत केल्या आहेत.

नेचं पुन्हा हिरवं होईपर्यंत ताइद छोटी वाक्यं बोलू लागले. माझं नाव घेतलं, नेस्टा, मधला ‘स’ थोडा घासून. चहात साखर कमी आहे म्हणाले. एम्रिसला बस घाटात जपून चालव म्हणाले. आणि एका रविवारी तो त्यांची दाढी करून देत असताना त्यानं धीर करून विचारलं की बाबा, तिथे आत कोण आहे.

ताइदांच्या गालावरचा साबणाचा फेस वाळू लागला.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “पण तेही शिकतंय.”

मला अजून त्या भोकाकडे पाठ करून बसवत नाही. पण दुपारी मी ताइदांना गावचं वर्तमानपत्र वाचून दाखवते. मेंढ्यांचे बाजार, कुणाचं लग्न, कुणाची अंत्ययात्रा, पुलाच्या दुरुस्तीवरून चाललेली भांडणं. पूर्वी माझी खुर्ची ताइदांसमोर असायची. आता ती थोडी वळवून, पलंग आणि शेगडी दोन्हीकडून माझं तोंड नीट दिसेल अशी ठेवली आहे. मी ओठ मोकळे उघडून, सावकाश वाचते. एखादा शब्द अवघड आला, आणि खोलीतलं सगळं एकदम थांबल्यासारखं वाटलं, तर तो पुन्हा एकदा म्हणते.